पत्रकाराचं ओळखपत्र नाही, तरी बोलण्याचा हक्क आहे का?

प्रश्न सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आला आहे. विचारणारे आंबा बागायतदार आहेत आणि जोडीला तालुक्यापुरता एक व्हॉट्सॲप गट आणि छोटी यूट्यूब वाहिनी चालवतात. गावचा धूपप्रतिबंधक बंधारा पहिल्याच पावसाळ्यात ढासळला. त्यांनी सरकलेल्या दगडांचं चित्रीकरण करून वाहिनीवर टाकलं आणि बोलण्याच्या ओघात 'हलका दगड वापरला, सगळ्यांनी मिळून पैसे खाल्ले' असं म्हणाले. पुढच्या काही दिवसांत तीन गोष्टी घडल्या. ठेकेदाराच्या वकिलाकडून ५० लाखांच्या अब्रुनुकसानीची नोटीस आली. पोलीस ठाण्यातून 'व्हिडिओ काढून टाका' असा फोन आला. आणि ग्रामसभेत सरपंचांनी 'तुम्ही अधिकृत पत्रकार नाही' म्हणून मोबाइल खिशात ठेवायला लावला. त्यांचा सवाल असा: घटनेतलं स्वातंत्र्य मला आहे की फक्त पत्रकारांना? आणि आता मी काय करू?

उत्तर लांबणार आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कोर्टांत वकिली करताना अशा नोटिसा घेऊन येणारी माणसं मला नेहमी भेटतात. त्यातली बरीचशी कोर्टात हरलेली नसतात. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच, नोटीस हातात पडली त्या रात्री, त्यांनी सगळं काढून टाकलेलं असतं. तुम्ही अजून तसं केलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी सरपंचांचं वाक्य घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या घटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य असं वेगळं कलम नाहीच. कलम १९(१)(क) सांगतं की सर्व नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा हक्क असेल. घटना समितीत यावर टीका झाली होती की छापखान्याचं, वृत्तपत्रांचं नाव स्वतंत्रपणे का घातलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा की संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणूनच आपला हक्क बजावत असतो. एकट्या नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नाही, म्हणून वेगळा उल्लेख लागत नाही. हे सांगणारा माणूस स्वतः संपादक होता. १९२० मध्ये 'मूकनायक' आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर लगेच, एप्रिल १९२७ मध्ये, 'बहिष्कृत भारत' त्यांनीच सुरू केलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. ज्यांच्यासाठी त्या काळच्या प्रस्थापित पत्रांत जागा नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी पत्रं काढली होती, आणि बोलण्याचा हक्क कुणाच्या परवान्यावर अवलंबून ठेवला तर काय होतं हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

म्हणजे मुंबईतल्या मोठ्या दैनिकाचा संपादक आणि तुम्ही एकाच कलमाखाली येता. शासनाचं माहिती खातं पत्रकारांना जी अधिस्वीकृती पत्रिका देतं तिचा उपयोग एसटीच्या प्रवासाला, मंत्रालयात शिरायला होतो. ती नसली म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. छापील नियतकालिक काढायचं तर नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याजागी २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. यूट्यूब वाहिनीला तो लागत नाही. बातम्या देणाऱ्या डिजिटल प्रकाशकांवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आचारसंहिता घातली होती, पण ती पाळण्याची सक्ती करणाऱ्या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संपादकाला नाही असं जादा कवच तुम्हालाही नाही. 'मी साधा शेतकरी आहे, सहज बोललो' हा बचाव कोर्टात टिकत नाही.

ग्रामसभेचं म्हणाल तर ती गावातल्या सगळ्या मतदारांची सभा आहे, सरपंचांची खासगी बैठक नव्हे. तिथे काय झालं ते बाहेर येऊन सांगायला, लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मोबाइल बंद करायला लावला तर भांडू नका. 'चित्रीकरणाला कोणत्या नियमाने मनाई केली ते लेखी द्यावं' असा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा.

इथे एक धोका मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. संसदेत किंवा विधिमंडळात कुणी कुणावर आरोप केला आणि तुम्ही त्याचा बऱ्याच अंशी खरा वृत्तान्त द्वेषबुद्धीशिवाय दिलात तर तुमच्यावर खटला चालत नाही. फिरोज गांधींनी १९५६ मध्ये हा कायदा संसदेपुरता करून घेतला. आणीबाणीत १९७६ मध्ये तो रद्द झाला. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते तेव्हा तुरुंगात होते. १९७७ मध्ये तो पुन्हा आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने, विधिमंडळांसह, कलम ३६१-अ म्हणून थेट घटनेत बसला, पुन्हा कुणाला सहज पुसता येऊ नये म्हणून. पण हे कवच संसद आणि विधिमंडळापुरतं आहे. ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद त्यात येत नाहीत. ग्रामसभेत कुणी उठून 'अमक्याने पैसे खाल्ले' म्हणाला आणि तुम्ही ते जसंच्या तसं वाहिनीवर टाकलंत, तर 'मी नाही, तो म्हणाला' एवढं सांगून सुटका होईलच असं नाही.

आता पोलिसांचा फोन. बोलण्यावर बंधनं घालायची कारणं कलम १९(२) मध्ये मोजून आठ दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. १९५० मध्ये ही यादी आखूड होती. मद्रास सरकारने 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला राज्यात यायला बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती रोमेश थापर खटल्यात उडवून लावली, आणि १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत सरकारने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्र मैत्री आणि अपराधाला चिथावणी ही कारणं जोडली. त्याच दुरुस्तीत बंधन 'वाजवी' असलं पाहिजे ही अटही आली. आज आपण कोर्टात जाऊन बंधनाचा जाब विचारू शकतो तो या एका अटीच्या जोरावर. सार्वभौमत्व आणि एकात्मता हे कारण १९६३ मध्ये आलं. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कौशल किशोर खटल्यात स्पष्ट केलं की ही यादी पूर्ण आहे. तिच्याबाहेरचं नवं कारण काढून बंधन घालता येत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे जी कारणं ऐकवली जातात ती या यादीत कुठेच नसतात. 'गावाची बदनामी होते.' 'पर्यटक येणार नाहीत.' 'आलेला निधी परत जाईल.' 'विकासाला विरोध करता?' 'मुंबईचे चाकरमानी बघतात, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?' गावाच्या काळजीने असं बोलणाऱ्यांचं मी ऐकून घेतो, त्यांच्याशी वाद घालतो. पण एखादा अधिकारी याच कारणांवर तुम्हाला गप्प करू पाहील तर त्याच्या हाताशी कायदा नाही. 'गटावर ठेवा हवं तर, यूट्यूबवर नको' ही तडजोडही बऱ्याचदा सुचवली जाते. तिचं उत्तर पुण्याच्या 'सकाळ'ने १९६१ मध्येच मिळवून ठेवलं आहे. किमतीप्रमाणे पानं किती हे केंद्र सरकारने ठरवून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आणि आदेश रद्द करताना सांगितलं की किती मजकूर छापायचा आणि तो किती लोकांपर्यंत पोचवायचा हे दोन्ही अभिव्यक्तीच्या हक्कात येतं. तुमचा बंधारा परळच्या खोलीत बसलेल्या चाकरमान्याच्याही गावचा आहे. त्याला ते बघू द्यायचं की नाही हे पोलीस ठाणं ठरवू शकत नाही.

फोनवरून 'काढून टाका' म्हणायचा अधिकार ठाणे अंमलदाराला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याची पद्धत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ मध्ये आहे. तो अधिकार केंद्र सरकारचा, लेखी कारणांसह, ठरलेल्या प्रक्रियेने वापरायचा. गुन्हा नोंदवला असेल तर तुम्हाला लेखी नोटीस यायला हवी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात बजावलं आहे. ती नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. ती आली तर जरूर हजर राहा. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा सांगितला जात असेल तर पोलिसांनी आधी याच संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समजूतदार माणसावर काय होईल यावरून. प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्या कमकुवत मनावरून नव्हे.

हे सगळं कशातून घडत आलं ते पाहायला लांब जायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, एका तरुणीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या पसंत केल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ज्यात 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असले सैल शब्द होते. दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालात ते कलमच रद्द झालं. त्या निकालातली विभागणी पाठ करून ठेवण्यासारखी आहे: चर्चा करणं, एखाद्या मताचा जोरदार पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी घटनेच्या संरक्षणात आहेत. कायदा तिसरीवर चालतो. एवढं होऊनही नंतर कित्येक वर्षं ठिकठिकाणची पोलीस ठाणी हेच रद्द झालेलं कलम लावत राहिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. म्हणून कलम कोणतं, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

'जिल्ह्यात मनाई आदेश आहे' असंही ऐकवलं जाईल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश आपल्या जिल्ह्यांत सण, यात्रा, आंदोलन असं काही ना काही कारण धरून पंधरा-पंधरा दिवसांनी निघत असतात. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण झालं तेव्हाही मनाई होती. हा आदेश जमावाबद्दल, शस्त्रांबद्दल, भडकाऊ घोषणांबद्दल असतो. घरी बसून बंधाऱ्याचा व्हिडिओ टाकणं त्यात येत नाही. आदेशाची प्रत मागा. मनाईचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि मतभेद दडपण्यासाठी ते पुन्हा पुन्हा काढता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन निकालात सांगितलं आहे.

मला एका गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. जत्रेत दशावतारी नाटक रंगतं तेव्हा आयत्या वेळच्या संवादात गावच्या पुढाऱ्याला, ठेकेदाराला चिमटे बसतात, तो पुढारी समोर बसलेला असतो आणि सगळा गाव हसतो. तेच बोलणं मोबाइलवर आलं की कलमं निघतात. कायद्यात या दोहोंत काही फरक नाही.

आता नोटीस. तुमची खरी जोखीम इथे आहे.

नोटिशीतला आकडा बघून घाबरू नका. नोटीस पाठवायला वकिलाची फी आणि टपालखर्च पुरतो. दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि मग आपली पत किती होती, ती किती घटली, हे पुराव्याने दाखवावं लागतं. बदनामीच्या दाव्याला मुदत एक वर्षाची आहे. फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, पूर्वी ती भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती. कमाल दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनेशी सुसंगत ठरवली. माझ्या मते बदनामीला तुरुंग असू नये, दिवाणी भरपाई पुरेशी आहे. पण कायदा आज असा आहे. मात्र हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून तुम्हाला उचलू शकत नाहीत. ठेकेदाराला दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद द्यावी लागेल, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळेल. ही संधी पूर्वी नव्हती. तिचा नीट वापर करा.

तुमच्या व्हिडिओतली वाक्यं वेगळी काढून बघू. 'दगड सरकले, बंधारा ढासळला' हे डोळ्यांना दिसणारं सत्य आहे, चित्रीकरणच पुरावा आहे. 'हलका दगड वापरला' हे सिद्ध करता येण्यासारखं विधान आहे, पण आज तुमच्या हातात त्याचा पुरावा नाही. 'सगळ्यांनी मिळून पैसे खाल्ले' हा फौजदारी गुन्ह्याचा आरोप आहे आणि तो ओळखता येतील अशा माणसांवर आहे. संपूर्ण प्रकरणात तुम्हाला अडचणीत आणील असं हे एकच वाक्य आहे.

कलम ३५६ ला अपवाद आहेत. सत्य असणं आणि ते सांगण्यात लोकहित असणं, हा पहिला. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत, सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वर्तनाबद्दलचं मत, हे पुढचे. दिवाणी दाव्यात नुसतं सत्यही पुरतं; फौजदारीत लोकहितही दाखवावं लागतं, पण समुद्राच्या उधाणापासून वस्ती वाचवणाऱ्या बंधाऱ्यात लोकहित दाखवायला कष्ट पडणार नाहीत. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकार किंवा स्थानिक संस्था बदनामीचा दावा लावू शकत नाही, आणि अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलेलं चुकीचं निघालं तरी खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिलं होतं हे दाखवल्याशिवाय त्याला भरपाई मिळत नाही. म्हणजे ग्रामपंचायत किंवा बंदरांचं काम पाहणारा शासनाचा पतन विभाग तुमच्यावर दावा लावू शकत नाही. ठेकेदार मात्र खासगी माणूस आहे, त्याचा मार्ग खुला राहतो. व्हिडिओवर तातडीचा मनाई हुकूम मिळवायचा प्रयत्न तो करील, तर मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा ब्लूमबर्ग निकाल तुमच्या वकिलांना दाखवा: सुनावणीआधी प्रकाशन थांबवणारा हुकूम अपवादानेच द्यावा, प्रकाशित झालेलं द्वेषमूलक किंवा उघड खोटं असल्याचं दिसलं तरच.

माझा सल्ला असा. तो एक आरोप व्हिडिओतून कापा आणि खाली स्पष्ट लिहा की हे वाक्य काढलं आहे, बाकी चित्रीकरण कायम आहे. यात कमीपणा नाही. अख्खा व्हिडिओ काढू नका. मूळ फाइल आणि ज्या मोबाइलवर चित्रीकरण केलं तो मोबाइल जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अशा पुराव्याची प्रत कोर्टात चालत नाही. ठेकेदाराला लेखी कळवा की तुमची बाजू वाहिनीवर द्यायला आम्ही तयार आहोत. त्याने उत्तर दिलं नाही तर ते पत्रही तुमच्या सद्भावनेचा पुरावा होतं. नोटिशीला वकिलामार्फत थोडक्यात उत्तर द्या: सत्य, लोकहित, आणि माहिती मागवली आहे. लेखी माफीचा मजकूर कुणी तयार करून आणून दिला तरी त्यावर सही करू नका.

पुरावा मिळवायचा कसा, यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे लोक आरोप जोरात करतात आणि कागद मागायचा कंटाळा करतात. माहितीचा अधिकार याच कलम १९(१)(क) मधून उगवला आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ मध्ये प्रसारणलहरींच्या खटल्यात लिहिलं की माहिती मिळवणं आणि ती पसरवणं हा अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्षही झाले. २००५ च्या कायद्याखाली ज्या खात्याने काम काढलं त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. मागा काय, तर अंदाजपत्रक, निविदेतल्या दगडाच्या वजनाच्या अटी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, गुणनियंत्रणाचे चाचणी अहवाल, अदा केलेली देयकं आणि दोषदायित्वाचा कालावधी. दोषदायित्वाच्या काळात बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, त्यामुळे तो कागद गावाच्याही उपयोगाचा आहे. आणि एक गोष्ट फार कमी लोक वापरतात: या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तुम्ही त्या दगडाचा प्रमाणित नमुना मागू शकता. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. तिथे वेळ लागतो, हे धरून चाला.

कागद आले की जे वाक्य आज कापायला सांगतो आहे त्यापेक्षा जास्त जोरकस वाक्य तुम्हाला निर्धास्तपणे बोलता येईल: 'निविदेत इतक्या किलोचा दगड, नमुन्यात इतक्या किलोचा, बिल पूर्ण अदा.' त्यावर नोटीस पाठवताना समोरचा वकील दहा वेळा विचार करील.

प्रकरण चिघळलंच, तर फिर्याद किंवा गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागेल. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याला जोडले आहेत. सावंतवाडीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. खेड्यातल्या माणसाच्या हक्काला याने जो आधार मिळाला तो मी मोठा मानतो.

व्हॉट्सॲप गटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचारालच. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, केवळ गटप्रमुख म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. स्वतः पुढे पाठवलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र स्वतःची.

बातमी देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याबद्दल सावध करतो. खात्यातल्या कुणी तुम्हाला कागद दिला असेल आणि कोर्टाने नाव विचारलं, तर ते न सांगण्याचं पक्कं कायदेशीर संरक्षण आपल्याकडे नाही. प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजात पत्रकारावर तशी सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात या गोपनीयतेचं महत्त्वही सांगितलं. पण दंडाधिकाऱ्यांपुढे तुमच्यासाठी तेवढं पुरेलच असं नाही. म्हणून कागद शक्यतो माहिती अधिकारातूनच मिळवा. त्यात कुणाची नोकरी जात नाही.

शेवटी ज्याबद्दल लिहिताना मला जड जातं ते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच दिवशी सकाळी त्यांची रिफायनरीशी संबंधित बातमी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्यानंतर तालुक्यातालुक्यांत जी शांतता पसरली ती मी पाहिली आहे. लिहिणारे हात आखडले. कलम १९ मुळात सरकारला आवरण्यासाठी आहे. कौशल किशोर निकालात बहुमताने ते खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येईल असं म्हटलं, पण रात्री रस्त्यात अडवणाऱ्याला घटनेचं कलम दाखवून भागत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, तपास उपअधीक्षकाच्या खाली नाही. मात्र त्याची व्याख्या प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांपुरती आहे. तुमच्यासारखा एकटा माणूस तिच्यात बसेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि हा कायद्यातला मोठा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. घटना नागरिकाला हक्क देते, मग त्या हक्कासाठी मार खाणाऱ्या नागरिकाला संरक्षण देताना कायद्याने ओळखपत्र का विचारावं?

गावकीने वाळीत टाकायची भाषा केली तर त्याचा मात्र पक्का इलाज आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पालखी घरी न आणणं, विहिरीवर अडवणं, लग्नाकार्याला बोलावू नका असा ठराव करणं, हे सगळं त्यात येतं. रायगडात अशी प्रकरणं बरीच झाली.

धमकी आली तर ती ज्या स्वरूपात आली तशीच जपा, लगेच लेखी तक्रार द्या, प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही घ्या, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. पोलीस ठाण्यात झालेलं बोलणं मोबाइलवर नोंदवून घेणं शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ठरवलं आहे. काढून टाकण्याबद्दल जो फोन आला त्याची तारीख, वेळ, नंबर लिहून 'असा फोन आला होता, कलम कळवावं' असं पत्र ठाण्यात द्या. नोटिशीवर उत्तराची मुदत लिहिलेली असेल. ती संपायच्या आत माहितीचा अर्ज गेलेला हवा, म्हणजे उत्तरात अर्जाचा दिनांक घालता येईल.